नखाएवढं खळं

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. बसलाच, तर सांगण्यात काहीतरी कमी पडलं असं समजायचं. तर, एक बाई होती, आणि तिनं जंतूंना त्यांचंच विष त्यांच्याच हातांनी बनवायला लावलं होतं. जंतूंना हात नसतात, माहीत आहे. मध्ये बोलायचं नाही. आणि ती बाई स्वतः इथे कुठे मागच्या खुर्चीत बसली असेल, तर तिनं तर मुळीच तोंड उघडायचं नाही. गोष्ट तिची असली म्हणून काय झालं?

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. तिच्याहून वयानं मोठी माणसंही म्हणत. फक्त मोठ्या बाई म्हणत नसत. मोठ्या बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख. त्या कुणालाच कशानंही हाक मारत नसत. चष्म्याच्या वरून बघत, आणि ज्याच्याकडे बघितलं तो आपोआप उठून उभा राही.

ताईचं काम असं होतं. माणसाच्या कातडीला खरचटलं की शरीर आतल्या आत एक चिमुकलं प्रथिन तयार करतं. जखमेतून जंतू शिरायला लागले की हे प्रथिन त्यांच्या अंगाला भोकं पाडतं. जंतू जागच्या जागी खलास. ताई त्याला लाडानं शिपाई म्हणायची. आता माणसं खरवडून शिपाई गोळा करायचे म्हटलं तर अख्खं शहर सोलून काढलं तरी चमचा भरायचा नाही. म्हणून युक्ती अशी, की शिपाई कसा बनवायचा याची माणसाच्या पेशीत जी कृती असते, तेवढी उचलायची आणि एका साध्यासुध्या जंतूच्या पोटात नेऊन बसवायची. जंतू बिचारा सरळमार्गी. पुढ्यात आलेली कृती वाचतो आणि बनवत सुटतो. शास्त्रात याला रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात. घरगुती भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या चुलीवर आपलं आधण.

पण मेख इथेच होती. जंतू मारणारा शिपाई जंतूकडूनच बनवून घ्यायचा, म्हणजे ज्याला फासावर चढवायचं त्यालाच दोर वळायला बसवायचं. सुरुवातीला जंतू कृती वाचायचे, शिपाई बनवायचे आणि मरायचे. चंबूत नुसता फेस. मग ताईनं शिपायाच्या पाठीला एक जाडजूड, सुस्त प्रथिन बांधून दिलं. त्या ओझ्याखाली शिपाई पेंगत राहायचा, जंतू सुखरूप राहायचे, आणि सगळं झाल्यावर प्रथिनं कापणारी एक कात्री आत सोडून ओझं तोडलं की शिपाई जागा. निदान पुस्तकात तरी जागा.

ताईचा मात्र जागा होईना.

तो जागा झाला की नाही हे बघायची रीत अशी. जेलीच्या प्लेटवर जंतू पसरायचे, मधोमध एक बारीक भोक पाडायचं, त्यात शिपायाचा थेंब टाकायचा, आणि प्लेट इन्क्युबेटरच्या उबेत ठेवून घरी जायचं. जंतूंना वाढायला रात्र लागते. त्यात घाई चालत नाही. खुद्द मोठ्या बाई समोर उभ्या राहिल्या तरी जंतू लवकर वाढत नाहीत. त्या इमारतीत बाईंना न भिणारी तेवढी एकच जमात होती. सकाळी प्लेटभर पांढुरका, सायीसारखा थर धरतो. शिपाई खरा असेल तर त्याच्या थेंबाभोवती तेवढी जागा मोकळी, आरपार राहते. चंद्राला पडतं तसं खळं. खळं पडलं की जिंकलं.

ताईच्या प्लेटवर साय धरायची ती काठापासून थेट भोकाच्या ओठापर्यंत. खळ्याच्या नावानं बोंब.

तिनं काय करून पाहिलं नाही? मीठ कमी केलं. आम्ल वाढवलं. कात्री बदलली, मग पुन्हा पहिलीच आणली. बरं, शिपाई बनत नव्हता म्हणावं तर तसंही नाही. शुद्ध करून यंत्रावर चढवला की दिसायचा. वजन बरोबर, अंगकाठी बरोबर. म्हणजे हजेरीपटावर सही आहे, खुर्चीच्या पाठीला कोट लटकतोय, आणि गडी जागेवर नाही! कुठे जात होता हा मेला?

रोज सकाळी ती इन्क्युबेटरचं दार उघडायची, उबट वास नाकात भरायचा, ती प्लेट उचलून खिडकीच्या उजेडात धरायची आणि खाली ठेवायची. पुढे पुढे तर दार लावण्याच्या आवाजावरूनच शेजारच्या टेबलांना कळायचं. आपटलं म्हणजे साय.

घरी निराळीच तऱ्हा. सासूबाईंना हे सगळं औषध वाटायचं.

"जखमेवरचं आहे ना ते?" जेवताना त्यांनी विचारलं. "मग माझ्या टाचेच्या भेगांना लाव की थोडं."

"आई, ते माणसांना लावायचं नसतं. फक्त प्रयोगांसाठी."

"कुणाच्या प्रयोगांसाठी?"

"दुसऱ्या प्रयोगशाळांच्या. शिपाई जंतूला नेमकं कुठे भोक पाडतो ते त्यांना शोधायचंय. त्यासाठी तो शुद्ध, निर्भेळ हवा. तो आम्ही बनवून देणार."

"म्हणजे तुम्ही बनवणार, ते बघत बसणार आणि माझी टाच आहे तशीच."

"हो."

"त्यात तुमचा तर मारतही नाही."

नवरा ताटात तोंड खुपसून हसला. ताईनं नुसतं वळून बघितलं, तर त्याला ठसका लागला.

"मी बोललो का काही?"

"हसलास."

"हसणं म्हणजे बोलणं थोडंच?"

"आज भांडी तुझी."

सासूबाईंनी लेकाकडे बघून मान हलवली आणि सुनेच्या ताटात आणखी भात वाढला. "त्याचं सोड. तू जेव आधी. हाडं दिसायला लागलीत तुझी. त्या शिपायाला मेल्याला मारायचं नसेल तर नको मारू दे, पण तुला कशाला मारतोय?"

ताईला हसू आलं नाही. भात तसाच राहिला.

कारण त्याच दिवशी मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं होतं. खुर्ची दाखवली, म्हणजे बातमी वाईट.

"शुक्रवारी चार वाजता समिती बसते," बाई म्हणाल्या. "कोणतं काम चालू ठेवायचं आणि कोणतं बंद करायचं, ते ठरेल. मला एक प्लेट दे. खळं पडलेली."

"आणि नाही पडलं तर?"

"तर तुझं टेबल पाणी तपासणाऱ्यांना जाईल. तूही त्यांच्यात जाशील. नळाच्या पाण्याचे नमुने, बाटल्या, लेबलं. काम वाईट नाही."

"वाईट नाही हो, पण..."

"पण तुझं नाही. कळतं मला." बाईंनी चष्मा काढला. त्या चष्मा काढतात हे ताईनं पहिल्यांदाच पाहिलं. "तीन वर्षं मी समितीला 'पुढच्या वेळी' म्हणत आले. माझ्याकडचे 'पुढच्या वेळी' आता संपले."

ताई टेबलाशी येऊन बसली. काही खास टेबल नव्हतं ते. खिडकीकडचं म्हणून हिवाळ्यात गारठायचं. डावा खण अडकायचा, त्याला खालून गुडघा दिला तरच उघडायचा. बर्नर कलंडून पडलेला एक काळा डाग होता. त्याच्यावर ती नेमका चहाचा कप ठेवायची, डाग झाकायला. पण शिपायाची कृती जंतूत पहिल्यांदा शिरली ती या टेबलावर. दुसरं कुणी गुडघा द्यायला लागलं असतं त्या खणाला, तर तिला ते आपल्याच कुणाला लाथ मारल्यासारखं लागलं असतं.

मंगळवारी साय. बुधवारी साय. बुधवारी संध्याकाळी तिनं थेंब दुप्पट मोठा टाकला, तर गुरुवारी दुप्पट दाट साय. दार एवढ्या जोरात आपटलं की वरच्या फळीवरचं घड्याळ बंद पडलं.

आता शेजारच्या टेबलावरच्या माणसाची ओळख करून देणं भाग आहे. त्याला सगळे चिंगूस म्हणत, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे, कारण वाईट वाटून घेण्यातही काहीतरी खर्ची पडतंच. टिश्यू पेपर तो अर्धा फाडून वापरायचा. चहाची पिशवी वाळवायचा. चंबू फुटला तर बाकीचे हळहळत, चिंगूस म्हणायचा, "खालचा अर्धा चांगला आहे की!" त्याचं काम जंतू वाढवायचं. मारायचं नव्हे, नुसतं वाढवायचं आणि ते साखर किती खातात ते बघायचं. जंतू न वाढण्याची पाळी त्याच्यावर कधीच आली नव्हती. जंतू वाढवण्यात काय मोठं? न झाकलेल्या डब्यातही वाढतात.

शुक्रवारी सकाळी ताई जिन्यात होती तेव्हाच त्याचा आरडाओरडा ऐकू आला.

"माझे जंतू कुणी मारले? ताई! ए ताई!"

तो हातात नळ्यांचा रॅक घेऊन दारातच उभा होता. नळ्यांतलं खाद्य रात्रभरात ताकासारखं गढूळ व्हायला हवं होतं. ते होतं चष्म्याच्या भिंगासारखं स्वच्छ.

"मला काय विचारतोस?" ताईनं पिशवी टेबलावर टाकली. "माझ्या हातून एक जंतू मरत नाही हे खालच्या पहारेकऱ्यालासुद्धा माहीत आहे."

"नळ्या तुझ्या होत्या."

"माझ्या कुठल्या?"

"त्या टोपलीतल्या. धुवायला टाकलेल्या."

"माझ्या वापरलेल्या नळ्या घेतल्यास तू?"

"विसळल्या ना! डिस्टिल्ड पाण्यानं. वाफेतून काढल्या. आणखी काय करू, ओवाळू?"

"साबण?"

"साबण कशाला? तुझ्या नळ्यांत असतं काय? तूच सांगत असतेस सगळ्यांना, काही नसतं म्हणून."

"अरे, साबण काय तुझ्या आजोळहून येतो का? दोन थेंब साबण वाचवायला तू..."

"माझा आठवडा वाया गेला, आणि तू साबणाचं काढतेस!"

"तुझा आठवडा? माझी तीन वर्षं गेलीत! आज चार वाजता माझं टेबल जाणार आहे आणि तू मला विचारतोस जंतू कुणी मारले! माझे मरत नाहीत! तुझे मरतात! माझ्या नळ्यांत तुझे..."

आणि ती थांबली. तोंड तसंच उघडं. चिंगूसही थांबला, भांडणात समोरचा मध्येच थांबला की जरा भीतीच वाटते.

"कुठल्या नळ्या?" तिनं हळू विचारलं. "मोठ्या की बारीक?"

"बारीक. काचेच्या. ज्यात तू पातळ करतेस ते."

शिपाई यंत्रातून निघायचा तेव्हा दाट असायचा. प्लेटवर टाकण्याआधी तो पाण्यात पातळ करावा लागायचा, आणि ते ती करायची या बारीक काचेच्या नळ्यांत. आता शिपायाच्या अंगावर एक विद्युतभार असतो, आणि काचेच्या अंगावर बरोबर त्याच्या उलटा. दोघांची गाठ पडली की संपलं. पाण्यात पडल्या पडल्या शिपाई भिंतीवरच्या पालीसारखा नळीच्या काचेला जाऊन चिकटत होता. आणि ताई? ताई नळीतलं पाणी मन लावून उचलत होती आणि प्लेटवर टाकत होती. पाणी! जंतूंना पाणी पाजत होती, आणि शिपाई धुण्याच्या टोपलीत टाकत होती. चिंगूसनं त्या नळ्यांत आपलं खारट खाद्य भरलं, तेव्हा मिठानं शिपायाची पकड सुटली आणि त्यानं समोर दिसतील ते जंतू झोडपले. वाफेचं म्हणाल तर हा चिवट गडी. अंगाला तीन गाठी मारून बसलेला, वाफेला भीक घालत नाही.

तुम्हाला वाटेल ताईला आनंद झाला. अजिबात नाही. तिनं अडकणाऱ्या खणाला अशी लाथ घातली की तो जन्मात पहिल्यांदा सरळ उघडला.

"हे मला माहीत होतं!" ती ओरडली. "काचेला चिकटतात ही प्रथिनं, हे मी नव्या मुलांना शिकवते! मी! घरी तव्याला तेलाचा हात फिरवल्याशिवाय काही टाकत नाही, आणि इथे..."

"म्हणजे माझे जंतू तू मारलेस," चिंगूस म्हणाला.

"हो! मी मारले! अभिनंदन कर!"

"आधी नळ्यांचं काय ते बोल. आता मी कुठल्या वापरू?"

उपाय सोपा होता, हाच खरा वैताग. कपाटात एक साधं, गरीब प्रथिन पडून असतं, ना कुणाला मारणारं ना तारणारं. नव्या नळ्यांत आधी ते घालून ठेवायचं. काचेचं पोट त्यानंच भरतं. मग शिपाई घातला की त्याला चिकटायला जागाच उरत नाही. मुकाट्यानं पाण्यात राहतो. ताईनं नळ्या भरल्या, तासभर ठेवल्या, ओतल्या. शिपाई घातला. प्लेटवर जंतू पसरले, भोक पाडलं, थेंब टाकला. जेवणाची सुट्टी कधी झाली आणि कधी संपली तिला कळलंही नाही. चिंगूसनं आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिच्यासमोर ठेवली. अर्धी का होईना, पण चिंगूसनं ठेवली. यावरही तुमचा विश्वास बसायचा नाही.

आणि चार वाजता ताई प्लेट घेऊन निघाली. लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना बंद दारं, बुटांचा आवाज, आणि दोन्ही हातांत ती प्लेट, तुडुंब भरलेला पेला धरावा तशी. बैठकीच्या खोलीत समितीची माणसं रांगेनं बसलेली. त्यांतल्या एकानंही आयुष्यात जंतू पसरला नव्हता. मोठ्या बाई टेबलाच्या टोकाला. बाईंनी हात पुढे केला, प्लेट घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

आणि काय सांगू! खळं! नखाएवढं नाही, बटणाएवढं नाही, अख्ख्या प्लेटएवढं! काठापासून काठापर्यंत एक जंतू शिल्लक असेल तर शपथ. प्लेट आरपार, पलीकडचं झाड पानापानानं मोजून घ्यावं! समितीतल्या एका गृहस्थांना सर्दी होती, त्यांची शिंक निम्म्यावर आली आणि तिथेच बरी झाली. चहाच्या खोलीतलं दूध त्या दिवसापासून नासायचं विसरलं. चिंगूसच्या मोज्यांचा वास गेला. घरी सासूबाईंनी फोनवर नुसती बातमी ऐकली तर त्यांची टाच लोण्यासारखी झाली. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की फळीवरचं बंद पडलेलं घड्याळ पुन्हा चालू झालं. आणि मोठ्या बाई, ज्यांनी जन्मात कुणाला कसली हाक मारली नव्हती, त्या चष्मा काढून म्हणाल्या, "ताई, ते टेबल तुझं. तू निवृत्त होईपर्यंत तुझं."

"खोटं!"

मागच्या खुर्चीतून आवाज आला. मध्ये बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं ना?

"काका, दुपारी पसरलेले जंतू चार वाजता कसे दिसतील? रात्र लागते, मघाशी तुम्हीच सांगितलंत. प्लेट आरपार होती, कारण तिच्यावर अजून काही उगवलंच नव्हतं."

सगळे वळून मागे बघायला लागले. ती उठून उभी राहिली होती.

"समितीला मात्र तेच खळं वाटलं. एकानं टाळी वाजवली, एवढं तुमचं खरं आहे. बाईंच्या लगेच लक्षात आलं. पण त्या काही बोलल्या नाहीत. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत राहिल्या. गप्प बसले असते तर टेबल माझंच होतं."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय? मीच म्हटलं, हे खळं नाही, अजून काही वाढलेलंच नाही, उद्या सकाळी बघा. त्यांना उद्या जमणार नव्हतं. त्यांनी कागद उलटला आणि पुढचा विषय घेतला. मी प्लेट परत उबेत ठेवली. शनिवारी सकाळी मी येऊन बघितलं तर माझ्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या मांडणं चाललं होतं. मी इन्क्युबेटर उघडून प्लेट बाहेर काढली. मांडणारा माणूस विचारत होता, ताई, ही एवढी एकच प्लेट राहिलीय, कुठे ठेवू म्हणता?"

"पण शेवटी खळं पडलंच होतं ना!" मी म्हटलं.

"पडलं होतं," ती म्हणाली. "नखाएवढं. नखाएवढंच सांगा, काका."